शंकेचा इतिहास : स्वमग्नता, गुन्हा आणि आपण

१/
एखाद्या भीषण गुन्ह्याची बातमी येते. दुसऱ्या दिवशी तिच्यात एक ओळ वाढते : 'आरोपी लहानपणापासून ऑटिस्टिक असल्याचे समजते.' ही ओळ कोणी सांगितली, तिचा गुन्ह्याशी संबंध काय, हे बातमीत नसते. वाचकाला मात्र गुन्ह्याचे कारण सापडल्याचे समाधान मिळते. वाशीम जिल्ह्यातल्या रिसोडसारख्या तालुक्याच्या गावी बसून ही ओळ वाचणाऱ्या एखाद्या आईच्या मनात त्या क्षणी काय येत असेल? तिचा मुलगा बोलत नाही, नजर देत नाही, गर्दीत कानांवर हात ठेवतो. उद्या शेजारी त्याच्याकडे कसे पाहतील? आजचा धागा या एका ओळीच्या इतिहासाविषयी आहे. तो थोडा लांबेल, सवडीने वाचावा.

२/
आधी व्याख्या. ऑटिझम, म्हणजे आपण मराठीत ज्याला 'स्वमग्नता' म्हणतो ती, मेंदूच्या जडणघडणीतील जन्मजात भिन्नता आहे. संवाद, सामाजिक देवाणघेवाण, आवाज-प्रकाश-स्पर्श यांची जाणीव आणि ठरावीक क्रमाची ओढ या बाबतीत अशी व्यक्ती इतरांहून वेगळी असते. कोणी आयुष्यभर बोलत नाही, कोणी अभियांत्रिकीची पदवी घेते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजांनुसार हे प्रमाण साधारण शंभर ते सव्वाशे जणांत एक असे आहे. म्हणजे दहा हजार वस्तीच्या गावात अशी ऐंशी ते शंभर माणसे असणार. ती आजही आहेत. फक्त त्यांना 'येडं', 'खुळं', 'भोळसर' किंवा 'हट्टी' अशी नावे पडलेली आहेत.

३/
'ऑटिझम' हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑइगेन ब्लॉयलर यांनी १९११ च्या सुमारास रूढ केला, तोही स्किझोफ्रेनियाचे एक लक्षण सांगण्यासाठी : बाहेरच्या जगाकडे पाठ फिरवून स्वतःतच रमणे. मराठीतला 'स्वमग्नता' हा प्रतिशब्द त्याच अर्थाचा माग काढत आला. शब्द सुंदर आहे, पण त्यात एक अन्याय दडलेला आहे. 'स्वतःत मग्न' म्हटले की ऐकणाऱ्याला वाटते, या माणसाला इतरांचे काही पडलेलेच नाही. वास्तविक अनेक स्वमग्न व्यक्तींना इतरांचे दुःख फार तीव्रतेने जाणवते. ते व्यक्त करण्याची त्यांची रीत आपल्याला वाचता येत नाही, एवढेच. नाव ठेवतानाच पहिला गैरसमज जन्माला आला, तो असा.

४/
पुढचा टप्पा. सोव्हिएत रशियातील डॉक्टर ग्रुन्या सुखारेवा यांनी १९२५ मध्ये सहा मुलांचे तपशीलवार वर्णन प्रसिद्ध केले. १९४३ मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर यांनी अकरा मुलांवरचा निबंध लिहिला आणि १९४४ मध्ये व्हिएन्नाच्या हान्स आस्पेर्गर यांचा प्रबंध आला. या तिघांनी पाहिलेली मुले आजच्या निदानाच्या अगदी जवळची होती. तरीही अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेत ऑटिझमला स्वतंत्र स्थान मिळायला १९८० साल उजाडले. तोवर अशा मुलांची नोंद बालवयातील स्किझोफ्रेनियाच्या सदरात होत असे. 'वेड' आणि 'स्वमग्नता' यांची सरमिसळ केवळ गावाच्या पारावर झालेली नाही. ती ग्रंथांतूनच पारावर आली.

५/
याहून घातक सरमिसळ एका शब्दाने केली. सुखारेवा आणि आस्पेर्गर या दोघांनीही या मुलांसाठी 'सायकोपॅथी' या अर्थाची संज्ञा वापरली होती. त्या काळच्या युरोपीय वैद्यकभाषेत तिचा अर्थ होता व्यक्तिमत्त्वाची वेगळी घडण, इतकाच. पुढे इंग्रजीत 'सायकोपॅथ' म्हणजे थंड डोक्याचा, निर्दय गुन्हेगार असा अर्थ पक्का झाला, आणि 'ऑटिस्टिक सायकोपॅथी' हे शब्द वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे खुनी उभा राहू लागला. ब्रिटिश संशोधक लोर्ना विंग, ज्या स्वतः एका स्वमग्न मुलीच्या आई होत्या, त्यांनी १९८१ मध्ये 'आस्पेर्गर सिंड्रोम' हे नाव सुचवले, त्यामागे हा गोंधळ टाळण्याचाही हेतू होता. शब्द बदलला. त्याची सावली मात्र चित्रपटांत आणि बातम्यांत रेंगाळत राहिली.

६/
पण ज्यांच्या नावाने हे निदान ओळखले गेले, त्या आस्पेर्गर यांचे पुढे काय झाले? इतिहासकार हेरविग चेक यांनी २०१८ मध्ये व्हिएन्नातील दप्तरे तपासून दाखवून दिले की, आस्पेर्गर यांनी नाझी राजवटीशी जुळवून घेतले होते आणि काही अपंग मुलांना 'आम श्पीगेलग्रुंड' या संस्थेत पाठवले होते. त्या संस्थेत सुमारे ७८९ मुलांचा मृत्यू झाला. त्यांतील अनेकांना औषधे देऊन किंवा उपाशी ठेवून मारण्यात आले होते. ज्या मुलांना 'समाजाला निरुपयोगी' ठरवले गेले, त्यांच्यावरचा हा हिंसाचार पांढरा डगला घालून, सही-शिक्क्यानिशी झाला. स्वमग्नता आणि हिंसा यांच्या नात्याचा इतिहास लिहायचाच, तर त्यातले एक मोठे प्रकरण हे आहे. आणि त्यात मुले बळी आहेत.

७/
युद्धानंतर बोट आईकडे वळले. मुलाशी थंडपणे वागणाऱ्या आईमुळे ऑटिझम होतो, हा सिद्धान्त ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ च्या आपल्या पुस्तकातून जगभर लोकप्रिय केला. सुझन फोल्स्टीन आणि मायकल रटर यांच्या १९७७ च्या जुळ्यांवरील अभ्यासाने आनुवंशिकतेचा वाटा पुढे आणला आणि हा सिद्धान्त ढासळला. शास्त्रातून तो गेला. आपल्या घरांतून गेलेला नाही. 'मोबाइल दिला म्हणून', 'गरोदरपणी ग्रहण पाहिलं म्हणून', 'माहेरचंच तसं' ही वाक्ये वऱ्हाडात कोणालाही नवी नाहीत. मुलावर संशय येतो तेव्हा आईवर आरोप आलेलाच असतो. म्हणूनच अनेक कुटुंबे निदानाचा कागद कपाटात कुलपाआड ठेवतात.

८/
आता गुन्ह्याकडे येऊ. या विषयावरची जागतिक चर्चा ज्या घटनेने पेटली, ती अमेरिकेतील सँडी हुक शाळेतील. १४ डिसेंबर २०१२ रोजी एका तरुणाने तेथे २० मुले आणि ६ प्रौढ यांना गोळ्या घालून ठार केले. त्याआधी त्याने घरी आपल्या आईला मारले होते. त्याला आस्पेर्गर सिंड्रोमचे निदान झाले होते, ही माहिती काही तासांत जगभर पसरली. दोन वर्षांनी कनेटिकट राज्याच्या बालहक्क कार्यालयाने सविस्तर अहवाल दिला. स्वमग्नता हे या हत्याकांडाचे कारण नव्हते, असा त्याचा निष्कर्ष होता. उपचारांविना ढासळत गेलेले मानसिक आरोग्य, हिंसेचे झपाटलेपण आणि हाताशी असलेली घातक शस्त्रे यांच्या एकत्र येण्याकडे अहवालाने लक्ष वेधले. बातमी सर्वांनी वाचली होती, अहवाल थोड्यांनीच वाचला.

९/
'एका प्रकरणाचे सोडा, आकडे काय सांगतात?' हा प्रश्न रास्त आहे. स्वीडनमध्ये स्टॉकहोम परिसरातील सुमारे २ लाख ९५ हजार तरुणांच्या नोंदींवर आधारलेला एक मोठा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील ५,७३९ जणांना स्वमग्नतेचे निदान होते. वरवरच्या हिशेबात या गटात हिंसक गुन्ह्यांच्या शिक्षा थोड्या जास्त दिसल्या. मात्र सोबतचा अतिचंचलतेचा विकार आणि वर्तनविकार हिशेबात धरताच तो फरक ओसरला. ज्यांना केवळ स्वमग्नता होती, त्यांच्यात तर धोका इतरांपेक्षा कमीच आढळला. म्हणजे ज्या मोजमापाच्या आधारे भीती पसरवली जाते, तेच मोजमाप नीट केले की भीतीचा पाया उरत नाही.

१०/
येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य करायला हवी. काही स्वमग्न मुले आणि प्रौढ कधी कधी मारतात, चावतात, डोके भिंतीवर आपटतात. घरच्यांच्या हातांवर त्याचे व्रण असतात. ते लपवून या मुलांची बाजू मांडता येणार नाही. पण त्या क्षणी काय घडते, हे समजून घ्यावे. डीजेचा ठोका, ट्यूबलाइटची फडफड, अचानक बदललेला रस्ता, न सांगता येणारी दाढदुखी, यांचा भार मेंदूला पेलेनासा होतो आणि बांध फुटतो. याला 'मेल्टडाउन' म्हणतात. यात कट नसतो, सूड नसतो, लाभाची आशा नसते. दुखऱ्या जनावराची लाथ आणि दरोडेखोराचा वार यांतला फरक शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. माणसाच्या बाबतीत मात्र आपण तो विसरतो.

११/
आता आपल्या मातीत येऊ. वऱ्हाडाच्या इतिहासात 'जगावेगळ्या' माणसाबरोबर कसे राहावे, याचा एक जुना धडा आहे. तेराव्या शतकात ऋद्धिपूरला, म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यात, गोविंदप्रभू ऊर्फ गुंडम राऊळ राहत. चक्रधरस्वामींचे ते गुरू. म्हाइंभटांनी लिहिलेले त्यांचे चरित्र मराठीच्या आद्य गद्यग्रंथांत गणले जाते. त्यातले राऊळ स्वतःशी बोलतात, अकारण हसतात, कोणाच्याही घरात शिरून खायला मागतात, मुलांसारखे खेळतात, रागावतात आणि महार-मांगांच्या घरीही तितक्याच सहजतेने जातात. काहीजण त्यांना वेडे म्हणत. पण ऋद्धिपूर त्यांना माय-बाप मानत होते. गावाने त्यांची रीत शिकून घेतली होती.

१२/
एक सावधगिरी. गोविंदप्रभूंना आजच्या निदानाची चिठ्ठी चिकटवणे हा इतिहासाशी आणि श्रद्धेशीही अप्रामाणिकपणा होईल. मला तसे मुळीच सुचवायचे नाही. त्यांच्याकडे ईश्वरावतार म्हणून पाहणाऱ्यांची दृष्टी वेगळी आहे आणि तिचा आदर राखूनच मी लिहितो आहे. माझा मुद्दा गावाविषयी आहे. सातशे वर्षांपूर्वीच्या एका वऱ्हाडी गावाला असा माणूस सामावून घेता आला, जो ठरावीक रीतीने बोलत नव्हता आणि ठरावीक सीमा पाळत नव्हता. अनाकलनीय म्हणजे धोकादायक, हे समीकरण आपल्या परंपरेत अटळ नव्हते. ते पुढे घडत गेले, आणि त्याच्या घडणीत कायद्याचा हात मोठा होता.

१३/
१८५८ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानात वेड्यांच्या इस्पितळांविषयीचा कायदा झाला. त्याने पोलिसांना दोन प्रकारची माणसे पकडून मॅजिस्ट्रेटपुढे उभी करायला सांगितले : वेडसर वाटणारी, मोकाट भटकणारी माणसे आणि वेडामुळे धोकादायक वाटणारी माणसे. १९१२ च्या लुनसी कायद्याने हीच रीत पुढे चालवली. नागपूरचे मनोरुग्णालय १८६४ चे. या कायद्यांमुळे काही निराधारांना आसरा मिळाला, हे खरे. पण 'भटकणारा' आणि 'धोकादायक' हे दोन शब्द एकाच कलमात शेजारी बसले आणि आपल्या मनातही शेजारीच राहिले. बंद दरवाजामागे गेलेला माणूस गावाच्या ओळखीतून पुसला गेला. उरली ती त्याची भीती.

१४/
त्याच काळात दुसरा कायदा आला. १८७१ च्या 'गुन्हेगार जमाती' कायद्याने अख्ख्या समाजांना जन्मतः गुन्हेगार ठरवले. आधी तो उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. १९११ आणि १९२४ च्या कायद्यांनी त्याची व्याप्ती वाढवली. नावे नोंदवणे, रोजची हजेरी, गाव सोडायला परवाना, तारेच्या कुंपणातील सेटलमेंट. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो रद्द झाला. वाशीम जिल्ह्यात या इतिहासाची ओळख नव्याने करून द्यायला नको. पोहरादेवीला जमणारा बंजारा समाज आजही राज्याच्या 'विमुक्त जाती' यादीत आहे, आणि चोरी झाली की पोलिसांची गाडी पहिली कुठे वळते, हे पारधी बेड्यावरचे लहान मूलही सांगेल. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' वाचलेल्यांना शिक्का म्हणजे काय, हे ठाऊक आहे.

१५/
या दोन कायद्यांची येथे सांगड घालण्याचे कारण तर्कातील साम्य हे आहे. कायद्याला पाच वर्षे होतात न होतात तोच, १८७६ मध्ये इटलीच्या चेझारे लोम्ब्रोसो यांनी 'जन्मजात गुन्हेगार' हा सिद्धान्त मांडला : कवटी, जबडा, कान पाहून गुन्हेगार ओळखता येतो म्हणे. शास्त्राने तो केव्हाच फेकून दिला. पण त्याचा सांगाडा जिवंत आहे. एखाद्या गटातील एकाने गुन्हा केला की गटाचे लक्षण हेच गुन्ह्याचे कारण मानायचे, आणि बहुसंख्य गटातील कोणी तोच गुन्हा केला की त्याला 'माथेफिरू' म्हणून बाजूला काढायचे. जातीच्या बाबतीत ही लबाडी आपण थोडीफार ओळखू लागलो आहोत. निदानाच्या बाबतीत ती ओळखायची राहिली आहे.

१६/
शंका किती वेगाने शस्त्र बनते, ते महाराष्ट्राने १ जुलै २०१८ रोजी पाहिले. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातले राईनपाडा. आठवडी बाजाराचा रविवार. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले, भिक्षा मागून जगणारे पाच जण तिथे आले होते. मूल पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा त्या दिवसांत मोबाइलवर पसरली होती. लोकांनी त्यांना मारहाण केली, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि जीव जाईपर्यंत मारले. त्या काळात फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एक तर कराचीतील बालसुरक्षेच्या जनजागृतीसाठी बनवलेल्या फितीचा कापलेला तुकडा होता. मुलांना जपा असे सांगणाऱ्या चित्राने निरपराधांचे जीव घेतले.

१७/
त्याच वर्षी २२ फेब्रुवारीला केरळच्या अट्टप्पाडीत एका आदिवासी तरुणाला जमावाने तांदूळ चोरल्याच्या संशयावरून बांधून मारले. तो मानसिक आजाराने ग्रस्त होता आणि जंगलात एकटा राहत असे. त्याच्या शेजारी उभे राहून एकाने सेल्फी काढला. पाच वर्षांनी, एप्रिल २०२३ मध्ये, न्यायालयाने तेरा जणांना सात वर्षांची शिक्षा ठोठावली. राईनपाड्याचे बळी परके होते. अट्टप्पाडीचा तरुण त्याच परिसरातला होता. जमावाला परका माणूस आणि वेगळा माणूस यांत फरक वाटत नाही. 'उत्तर देत नाही, म्हणजे काहीतरी लपवतोय' हा त्याचा न्याय.

१८/
आता कल्पना करा. रिसोडच्या आठवडी बाजारात वीस-बावीस वर्षांचा एक स्वमग्न तरुण घरच्यांपासून चुकला आहे. नाव विचारले तर तो सांगत नाही, किंवा विचारलेलाच प्रश्न परत म्हणतो. नजर चुकवतो. हात झटकतो. एखाद्या लहान मुलाच्या हातातल्या फिरत्या चक्रीमागे चालू लागतो, कारण त्याला फिरत्या वस्तूंची ओढ आहे. खांद्यावर हात पडताच किंचाळतो आणि पळतो. अफवेच्या दिवसांत यातले प्रत्येक लक्षण त्याच्याविरुद्ध पुरावा ठरेल. त्याच्या आईला मुलाच्या हातून गुन्हा होईल याची भीती नसते. तिला भीती असते ती गर्दीची. आणि गावाबाहेरच्या विहिरी-शेततळ्यांची, कारण चुकलेली अशी मुले अनेकदा पाण्याकडे धाव घेतात.

१९/
ही भीती अवास्तव नाही. २०१० च्या 'माय नेम इज खान' या चित्रपटात आस्पेर्गर सिंड्रोम असलेल्या नायकाला त्याच्या वागण्यावरून विमानतळावर संशयित म्हणून अडवले जाते. तो चित्रपट होता. १८ जुलै २०१६ रोजी अमेरिकेतील नॉर्थ मायामीत घडले ते प्रत्यक्षातले. एक स्वमग्न तरुण खेळण्यातला ट्रक हातात घेऊन रस्त्यावर बसला होता. कोणीतरी बंदूकधारी असल्याची खबर दिली. त्याचा काळजीवाहक हात वर करून, रस्त्यावर उताणा पडून, 'हे खेळणे आहे' असे ओरडून सांगत होता. पोलिसाने गोळी झाडली. नेम स्वमग्न तरुणावर धरल्याचे नंतर सांगण्यात आले. गोळी काळजीवाहकाच्या पायाला लागली.

२०/
आपला कायदा कुठवर आला आहे? १९९५ च्या अपंग कायद्यात ऑटिझमचे नावही नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने ते प्रथम ठळकपणे आणले. पालकत्वाचे अर्ज तपासण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या स्तरावर स्थानिक समितीची तरतूद केली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले आणि स्वमग्नतेला त्यांत स्थान दिले. त्याच कायद्याच्या कलम ९२ नुसार दिव्यांग व्यक्तीचा जाहीर अपमान किंवा तिच्यावर हल्ला केल्यास सहा महिने ते पाच वर्षे कैद होऊ शकते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचे कलम १०० पोलिसांना सांगते : भटकणाऱ्या, स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या अशा व्यक्तीला संरक्षणात घ्या, चोवीस तासांत सरकारी आरोग्य संस्थेत न्या, कोठडीत ठेवू नका. १८५८ चे 'पकडा' आणि २०१७ चे 'संरक्षण द्या', यांमध्ये दीडशेहून अधिक वर्षे गेली.

२१/
येथे एक आक्षेप हमखास येतो : 'म्हणजे यांनी काही केले तरी सोडून द्यायचे का?' नाही. भारतीय दंड संहितेचे कलम ८४, जे आता भारतीय न्याय संहितेचे कलम २२ आहे, एकच प्रश्न विचारते : ते कृत्य करताना, मनाच्या विकलतेमुळे, आपण काय करतो आहोत किंवा ते चूक आहे हे कळण्यास ती व्यक्ती असमर्थ होती काय? या कसोटीचे मूळ इंग्लंडमधील १८४३ च्या मॅकनॉटन प्रकरणात आहे. केवळ निदान आहे म्हणून कोणी सुटत नाही. आणि त्याच न्यायाने, केवळ निदान आहे म्हणून कोणी गुन्हेगारही ठरत नाही. न्यायालय कृत्य, हेतू आणि त्या वेळची मनोवस्था तपासते. आपण पारावर बसून निदान तपासतो.

२२/
दुसरा आक्षेप पत्रकार मित्रांचा असतो : 'जे खरे ते छापले, तर चूक काय?' आरोपीला मधुमेह आहे, हेही खरे असते. ते कोणी छापत नाही, कारण त्याचा गुन्ह्याशी संबंध नसतो. संबंध सिद्ध होण्याआधी एखादी खरी गोष्ट कारणाच्या जागी बसवली की ती खोट्याचे काम करते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये महाराष्ट्रातील एका फाशीच्या प्रकरणात, शिक्षेनंतर जडलेल्या गंभीर मानसिक आजाराचा विचार करून फाशी रद्द केली आणि आजन्म कारावास दिला. त्या निकालपत्रात आरोपीचे नाव नाही, 'आरोपी एक्स' एवढेच आहे. त्याच्या आजाराची गोपनीयता न्यायालयाने जपली. गुन्हा अत्यंत निर्घृण होता, तरीही. मग तालुक्याच्या बातमीला निदानाची एवढी घाई कशासाठी?

२३/
करता येण्याजोगे काय आहे? मोठ्या योजनांची वाट न पाहता काही गोष्टी आपल्या हातात आहेत. पोलीस पाटील आणि ठाण्यातील अंमलदार यांना गावातली अशी मुले नावाने आणि चेहऱ्याने ठाऊक असावीत, कुटुंबाच्या संमतीने. मुलाच्या खिशात किंवा गळ्यात घरच्यांचा फोन क्रमांक असावा. बाजारात असा माणूस आढळला तर घेराव न घालता, आवाज न चढवता, एकानेच थोड्या अंतरावरून बोलावे. शाळेतल्या आरोग्य तपासणीत विकासातील अडचणी पाहण्याची तरतूद आहे. शिक्षकांनी ती आग्रहाने वापरावी. व्हॉट्सअॅप गटाच्या चालकाने 'मूल पळवणारे' असा संदेश पुढे जाऊ देण्याआधी पोलीस ठाण्यात एक फोन करावा. यांपैकी कशालाही पैसे लागत नाहीत.

२४/
आणि निदानाची लाज सोडावी. रिसोडहून नागपूर अडीचशे किलोमीटरहून लांब आहे. तज्ज्ञ, थेरपी, प्रमाणपत्र यांसाठीची पायपीट मोठी आहे. त्या पायपिटीत कुटुंबाला शेजाऱ्याची कुजबुजही पाठीवर वाहावी लागू नये. निदान लपवले की मदत दुरावते, मदत दुरावली की मेल्टडाउन वाढतात, ते वाढले की शंका वाढते, आणि शंका वाढली की निदान आणखी खोल लपवले जाते. हे रहाट कोणीतरी थांबवायला हवे. ते थांबवण्याची ताकद एकट्या आईत नाही, आळीत आहे.

२५/
रिसोडला जुनी माणसे 'ऋषिवट' म्हणतात. ऋषींचा वड, अशी या नावाची परंपरागत उकल. वडाखाली कोण बसले आहे आणि ते मौनात का आहे, हे विचारून सावली देण्याची रीत नाही. स्वमग्न व्यक्तींनी आपल्यावर केलेल्या हिंसेचा शोध घेत इतिहासात मागे गेलो, तर सापडतात श्पीगेलग्रुंडची मुले, दोषी ठरवलेल्या आया आणि रस्त्यावर खेळण्यातला ट्रक घेऊन बसलेला तरुण. पुढच्या वेळी एखाद्या गुन्ह्याच्या बातमीत ती ओळ दिसली, तर ती पुढे पाठवण्याआधी एवढेच विचारावे : हे कारण आहे, की केवळ शिक्का? उत्तर मिळेपर्यंत बोट थांबवावे.

धागा येथे संपतो. आपल्या गावातील अनुभव जरूर लिहा, मात्र कोणाही मुलाचे वा कुटुंबाचे नाव न घेता.